आठवडे गेले, कोटी आले

एखादा चित्रपट पहिल्या तीन दिवसांत शंभर कोटींचा गल्ला गोळा करतो आणि सोमवारच्या वृत्तपत्रांत तो आकडा निवडणूक-निकालाच्या थाटात छापून येतो, तेव्हा कार्यकर्त्यांच्या बैठकीत चहाच्या वेळी दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत धंदेवाल्यांकडून उसने घेतलेले असते: लोकांना हेच आवडते, त्याला कोण काय करणार? दुसरे मत आपल्याच गोतावळ्यात पिकलेले असते: लोक भोळे आहेत, जाहिरातीला भुलतात, त्यांना चांगल्या-वाइटाची पारख नाही. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोन्ही एकाच गृहीतावर उभी आहेत. प्रेक्षकाला स्वतःचा विवेक नसतो, हे ते गृहीत. व्यापारी त्यावर पैसा मिळवतो आणि आपण त्यावर खेद व्यक्त करतो, एवढाच काय तो फरक.

१९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. गावोगावच्या न्यायदान मंडळांत साध्या शेतकऱ्यांनी तंट्यांचे निवाडे केले आणि सावकाराला व गुंडाला जाब विचारला. त्याच माणसांची नातवंडे तिकिटाच्या खिडकीपाशी येताच बुद्धी गहाण टाकतात, असे म्हणायला निदान आपली जीभ तरी रेटू नये. प्रश्न लोकांच्या अकलेचा नाही. लोकांचा निवाडा ज्या व्यवस्थेत ऐकला जातो, ती व्यवस्थाच बदलली गेली आहे. ती कोणी आणि कशी बदलली, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांत मोजले जाई. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. १९५९ साली आलेला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या आसपास चालला. त्याची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची होती, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या माणदेशी मातीतून आलेल्या लेखकाची. एखादा चित्रपट शंभराव्या आठवड्यात चालतो तो पोस्टरमुळे चालत नाही. पोस्टरचा रंग तिसऱ्या आठवड्यातच उडालेला असतो आणि भोंगा लावून फिरणारा टांगाही दुसऱ्या चित्रपटाच्या नावाने ओरडू लागलेला असतो. पुढचे सारे आठवडे ज्याने पाहिला त्याच्या सांगण्यावर चालतात. बाजारात, एस.टी.त, पाणवठ्यावर, गुऱ्हाळावर हे सांगणे घडते. आठवडा हे माप अपुरे असेल, पण त्यात लोकांच्या दुसऱ्या विचाराला जागा होती.

'शोले'चे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. आणीबाणी जाहीर झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला. धंद्यातील जाणकारांनी पहिल्या दिवसांतच तो पडल्याचे जाहीर केले होते. शेवट बदलून पुन्हा चित्रीकरण करावे की काय, इथवर विचार गेला होता. पण थिएटरांनी कळ काढली, लोकांची बोलणी पसरली आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. आजच्या रीतीने त्याचा निकाल लावायचा झाला असता, तर शुक्रवारच्या उपस्थितीवरून सोमवारी त्याचे खेळ कमी झाले असते आणि पुढच्या शुक्रवारी तो पडद्यावरून उतरला असता. गब्बरसिंग कोणाच्या तोंडी बसलाच नसता.

आज माप कोटींचे आहे. कोटी म्हणजे तिकिटाचा दर गुणिले विकलेल्या तिकिटांची संख्या. किती माणसांनी चित्रपट पाहिला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दर दुप्पट केला आणि प्रेक्षक एक-तृतीयांशाने घटला तरी आकडा वाढतो, आणि वृत्तपत्रे लिहितात की जनतेने चित्रपट डोक्यावर घेतला! रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये होती. तिकीट दोनशे रुपयांचे धरले तर चौघांच्या कुटुंबाला अडीच दिवसांहून अधिक मजुरी मोजावी लागते, आणि एस.टी.चे भाडे व पोरांचे खाणे वेगळेच. माणमधील मेंढपाळ किंवा जतची शेतमजूर बाई या 'जनते'त मोडतच नाही. लोकांच्या पसंतीच्या नावाने जो आकडा मिरवला जातो, तो मुख्यतः पैसे देऊ शकणाऱ्यांच्या पसंतीचा आकडा आहे. तो आकडाही फुगवण्यासाठी निर्मात्यांच्याच बाजूने तिकिटांची घाऊक खरेदी होते, असा आरोप आता धंद्यातील माणसेच उघडपणे करू लागली आहेत.

याहूनही गंभीर गोष्ट वेळेची आहे. चित्रपट एकाच दिवशी हजारो पडद्यांवर लावायचा आणि त्याआधी दोन महिने भ्रमणध्वनीवर, दूरचित्रवाणीवर, वृत्तपत्रांत त्याची हवा अशी करायची की पहिल्या तीन दिवसांत न पाहणारा माणूस मागासलेला ठरावा. कराडचा मत पाटणला पोहोचेपर्यंत, विट्याचे आटपाडीला पोहोचेपर्यंत भांडवल वसूल होऊन गेलेले असते. मग लोकांनी नाके मुरडली तरी कोणाचे काय बिघडते? गवगवा हा नव्या काळाचा शोध नाही. प्रभातनेही जाहिराती केल्या होत्या. पण पूर्वी गवगवा माणसाला दारापर्यंत आणी आणि आत बसवून ठेवण्याचे काम चित्रपटाला करावे लागे. आता दारापर्यंत आणले की काम संपते. प्रेक्षकाचा निवाडा कोणी विकत घेतलेला नाही. तो निरुपयोगी करून टाकला आहे.

ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. २००१ पासून महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना पहिली काही वर्षे करमणूक करात घसघशीत सवलत दिली. तालुक्याच्या गावातील एकपडदा टॉकीज त्याच काळात पुरा कर भरत राहिले. पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन सर्वांत मोठ्या साखळ्या २०२३ मध्ये एक झाल्या आणि देशातील दीड हजारांहून अधिक पडदे एका कंपनीच्या हाती आले. रिळे गेली, डिजिटल प्रक्षेपण आले, तसे 'व्हर्च्युअल प्रिंट फी' नावाचे भाडे निर्मात्याच्या माथी आले. मोठ्या निर्मात्याला ते जाणवत नाही, पण मराठीतील लहान निर्माता त्याच्या ओझ्याखाली वाकतो. २०१२ साली अजय देवगण यांच्या कंपनीने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. 'एक था टायगर' हवा असेल तर दिवाळीत 'जब तक है जान'ही लावला पाहिजे, अशी अट यशराज फिल्म्सने एकपडदा मालकांना घातली, असे तिचे म्हणणे होते. आयोगाने तक्रार फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने तिथे प्रकरण मिटले असेल. पण दिवाळीत आपल्या गावच्या पडद्यावर काय लागणार, हे गावचा प्रेक्षक किंवा गावचा मालक ठरवत नाही, एवढे त्या वादाने उघड केले. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा'च्या लाटेत त्याच दिवशी आलेल्या 'येरे येरे पैसा ३' या मराठी चित्रपटाचे खेळ काढले गेल्यावरून ओरड झाली, तिचेही मूळ हेच. मराठी चित्रपटांना चांगल्या वेळेचे खेळ देण्याची सक्ती करणारा निर्णय २०१५ मध्ये झाला होता. पडद्याची मालकी जिथल्या तिथे ठेवून केलेल्या सक्तीचे जे होते, तेच त्याचेही झाले.

इथे कोणी विचारील, सारा दोष भांडवलाचाच का? लोकांची म्हणून काही आवड नाही काय? आहे, आणि तिच्याकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. 'शोले'च्याच वर्षी 'जय संतोषी मां' नावाचा अल्प खर्चाचा चित्रपट आला. त्याच्यामागे ना मोठे नट होते ना मोठी जाहिरात. बायाबापड्या चपला बाहेर काढून थिएटरात जात आणि पडद्याला हात जोडत. तो अफाट चालला. तेव्हा जाहिरात काढून घेतली की लोक आपोआप पुरोगामी चित्रपटाकडे वळतील, या भ्रमात कोणी राहू नये. आवड ही माणसाच्या जगण्यातून येते. त्यात त्याचे श्रम आहेत, त्याची श्रद्धा आहे, लहानपणी जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून पाहिलेले सिनेमे आहेत, आणि जे कधी पाहायलाच मिळाले नाही त्याचा अभावही आहे.

साताऱ्यातील वाई परिसराइतका याचा चांगला दाखला क्वचित मिळेल. कृष्णाकाठचे मेणवली आशुतोष गोवारीकरांच्या 'स्वदेस'मध्ये चरणपूर झाले. २००४ साली आलेल्या या चित्रपटात शाहरुख खानसारखा नट होता, मोठे नाव होते, जाहिरातही होती. गावाने श्रमदानाने स्वतःची वीज स्वतः निर्माण करावी, हा त्याचा विषय. आज त्याचा गौरव होतो, पण त्या वेळी तिकिटाच्या खिडकीवर तो चालला नाही. पुढे त्याच वाईच्या गल्ल्या उत्तर प्रदेशातील गाव म्हणून सजल्या आणि २०१० साली 'दबंग' आला. पहिल्याच आठवड्यात त्याने गल्ल्याचे विक्रम मोडले. एकच नदी, तेच घाट, बघ्यांच्या गर्दीत उभी राहिलेली तीच माणसे. निवड मात्र लाच खाणाऱ्या फौजदाराची झाली!

यावरून लोकांना दूषणे देणे सोपे आहे. पण ज्याला चावडीपासून कचेरीपर्यंत प्रत्येक दारात वाकावे लागते, त्याला वर्दीतला एक माणूस बेदरकारपणे गुंडांना लोळवताना पाहून तीन तासांची सुटका वाटते, हे आपल्याला कळत नसेल तर आपण कसले समाजवादी? 'स्वदेस'चा नायक अमेरिकेतून येतो आणि गावाला शहाणे करतो. गावाला ते कितपत आपले वाटले असेल, याचाही विचार करावा. 'दबंग'ची तारीफ करावी असे आमचे म्हणणे नाही. एकट्या दांडगटाने न्याय द्यावा ही इच्छा लोकशाहीला घातक आहेच. परंतु ती इच्छा पडद्याने निर्माण केली नाही. ती कचेरीच्या व्हरांड्यात निर्माण झाली; पडद्याने तिचे पैसे केले.

आणि आवड बदलते. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा खेड्यापाड्यांतून बायका घोळक्याने गेल्या आणि सासुरवाशिणीच्या छळावर ढसाढसा रडल्या. शहरी समीक्षकांनी नाके मुरडली. त्या अश्रूंमध्ये किती घरांची हकीकत होती, ते कोणी विचारले नाही. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. पुन्हा बायका घोळक्याने गेल्या, पण या वेळी हसायला आणि मंगळागौरीच्या खेळांवर ताल धरायला. बचतगट, भिशीमंडळे, शेजारणी मिळून जात होत्या. त्या चित्रपटामागे जिओ स्टुडिओजसारखे बलाढ्य भांडवल होते आणि हवा करण्याचे सर्व मार्ग वापरले गेले, हे खरेच. तरीही चाळिशी-पन्नाशीतल्या बाईने घरचा स्वयंपाक टाकून दुपारच्या खेळाला मैत्रिणींबरोबर जाणे, याला भांडवलाचा डाव एवढेच नाव देऊन मोकळे होता येणार नाही. बत्तीस वर्षांत बाईच्या जगण्यात काही हलले आहे, म्हणून तिची आवड हलली. त्याच दिग्दर्शकाचा 'महाराष्ट्र शाहीर' त्याआधी दोनच महिने, एप्रिल अखेरीस आला होता. शाहीर साबळे वाई तालुक्यातल्या पसरणीचे. आपल्याच मातीतल्या लोककलावंतावरील त्या चित्रपटाला 'बाईपण'सारखी गर्दी लाभली नाही. आपल्या किती शाखांनी तो एकत्र जाऊन पाहिला, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

गवगवा आणि आवड यांची खरी गाठ पडली ती 'सैराट'मध्ये. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला. त्याच्या मागे झी स्टुडिओज होता, गाणी आधीच महिनाभर वाजत होती, तेव्हा तो हवेविना चालला असे म्हणणे खोटे ठरेल. पण रहिमतपूरसारख्या कोरेगाव तालुक्यातल्या लहान गावी मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले, ते कोणत्या जाहिरातखात्याच्या हिशेबात होते? टेम्पो भरून माणसे येत होती. ज्या गावांत मोठे निर्माते पडदा मोजत नाहीत, तिथल्या प्रेक्षकाने आपले मत पायांनी नोंदवले. दोन अनोळखी पोरे, करमाळ्याकडचा माळ, आणि जातीने केलेल्या खुनाचा तो मुका शेवट. लोक गाण्यावर नाचले आणि शेवटी सुन्न होऊन बाहेर पडले.

त्या सुन्न प्रेक्षकाशी बोलायला दारात कोण उभे होते? आपण नव्हतो. गावोगावी लाखो तरुण जातीच्या प्रश्नापाशी येऊन थबकले होते. असा क्षण चळवळीला दहा वर्षांत एकदा मिळतो. आंतरजातीय विवाहांना संरक्षण, जातपंचायतींचा बंदोबस्त, शाळा-कॉलेजांतून चर्चा, सारे त्या आठवड्यांत शक्य होते. आपण 'झिंगाट' गाण्यामुळे पोरे बिघडतात की नाही, यावर वाद घालत बसलो. पुढे धंद्याने 'सैराट'मधून जे उचलले ते गाणे आणि गल्ला. प्रश्न तिथेच पडून राहिला.

आपण मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही, हे २०२५ साली दिसले. १४ फेब्रुवारीला 'छावा' प्रदर्शित झाला. संभाजीराजांविषयी सातारा-सांगलीत जिव्हाळा आहे, तो कोणा निर्मात्याने दिलेला नाही. बखरींनी आणि नाटकांनी बदनाम केलेल्या या राजाला वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली न्याय मिळवून दिला. कमल गोखले यांनी संशोधनाने त्यात भर घातली. शिवाजी सावंतांच्या कादंबरीने तो राजा घराघरांत नेला. इतक्यांच्या श्रमातून घडलेले हे लोकप्रेम तयार पिकासारखे उभे होते. चित्रपटाने त्याची कापणी केली. 'बुधभूषणम्' रचणारा संस्कृतज्ञ बाजूला राहिला आणि त्याचे हालहाल करण्याची दृश्ये लांबत गेली. सत्ताधाऱ्यांनी कौतुक केले, काही राज्यांनी करमाफी दिली. १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल उसळली, तेव्हा या चित्रपटाने लोकांचा औरंगजेबाविषयीचा राग पुन्हा जागा झाला, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. ऐतिहासिक प्रसंगाचा असा उपयोग कुठवर जातो, हे मिरजेने २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरील चित्रावरून भोगले आहे. राज्ययंत्रणा आणि भांडवल मिळून हवा करतात, तेव्हा तिकीट काढणे ही आवडीची बाब उरत नाही, निष्ठेची परीक्षा होते. चित्रपट आवडला नाही असे म्हणणारा राजाचा द्रोही ठरतो. प्रेक्षकाचा निवाडा पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्याने निरुपयोगी केला होता. आता तो बोलण्याचीही चोरी झाली.

आपली परंपरा ही नव्हती. सेवादलाच्या कलापथकांनी गावच्या पारावर माणसे हसवली आणि विचारात पाडली. त्या संस्कारातले निळू फुले 'सामना'त साखरसम्राट हिंदुराव झाले आणि उसाच्या पट्ट्यातील सत्ता कशी चालते, ते त्या चित्रपटाने कारखान्याच्या सावलीतल्या माणसांनाच दाखवले. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा', 'वैजयंता' पडद्यावर आली. लोकांच्या आवडीशी झगडत, तिला सोबत घेत काम करणारी माणसे आपल्यात होती. नंतर आपण निषेधाची पत्रके काढण्यात समाधान मानले आणि संध्याकाळी घरी जाऊन तोच चित्रपट भ्रमणध्वनीवर पाहिला!

तेव्हा करायचे काय? पहिली मागणी शासनाकडे. चित्रपटगृहाचा परवाना देणाऱ्या यंत्रणेने दर आठवड्याला गल्ल्याबरोबर प्रेक्षकांची संख्याही जाहीर करायला लावावी. कोटी किती हे कळते, तर माणसे किती हेही कळू द्या. दुसरी मागणी, प्रत्येक खेळात ठरावीक जागा शंभर रुपयांच्या आत असाव्यात. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला आहे, त्यावरील तिकिटांवर तो १८ टक्के आहे. पण स्वस्त जागाच नसेल तर ती सवलत कोणाच्या कामाची? शेजारच्या कर्नाटकाने त्याच महिन्यात दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. लढा अवघड आहे, म्हणून तो महाराष्ट्रात सुरूच करू नये असे नाही. तिसरी मागणी नगरपालिकांकडे. केरळात राज्याच्या महामंडळाची स्वतःची चित्रपटगृहे आहेत. साताऱ्याचे शाहू कलामंदिर आणि सांगली-मिरजेची नाट्यगृहे महिन्यातून चार दिवस अल्प दरात चित्रपटांसाठी का उघडू नयेत?

चौथी गोष्ट कोणाकडे मागायची नाही, ती आपणच करायची आहे. प्रत्येक तालुक्यात एक चित्रपट मंडळ उभे करा. निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन महिन्याला एक चित्रपट दाखवा आणि नंतर तासभर बोला. त्यात 'सामना' असू द्या, 'सैराट' असू द्या, आणि 'दबंग'ही असू द्या. तो लोकांना का आवडला, ते लोकांच्याच तोंडून ऐका. व्याख्यान देऊ नका. गावचा माणूस दुसऱ्या दिवशी पारावर काय बोलतो, तिकडे कान असू द्या. तिथे पाणवठा, गुऱ्हाळ आणि एस.टी. यांतून फिरणारे ते जुने मत पुन्हा फिरू लागेल, आणि एकदा ते फिरू लागले की ते सिनेमापुरते थांबणार नाही.